कनाल, मरला आणि संगणकावरचे गणित

गणित मांडणे आणि गणित सोडवणे ही दोन कामे संगणकावर सुरुवातीपासून वेगवेगळ्या वाटांनी गेली. मांडणीसाठी डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. वर्गमुळाचे चिन्ह किती लांबवायचे, घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ कुठे ओढायची, हे टेकला नेमके कळते. सोडवण्यासाठी १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क आले आणि स्प्रेडशीटचे दिवस सुरू झाले. टेकमध्ये लिहिलेले सूत्र देखणे दिसते, पण त्यातून उत्तर निघत नाही. स्प्रेडशीटमधून उत्तर निघते, पण सूत्र चौकटीआड लपते आणि समोर उरतो नुसता आकडा. तो मीटरचा की फुटांचा, हे शेजारच्या रकान्यात कुणी लिहून ठेवले असेल तर माणसाला समजते; संगणकाला समजत नाही.

खरे तर मोजमापाच्या कामात नुसता आकडा अपुराच असतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या आपल्या विद्युतचुंबकत्वावरील ग्रंथाची सुरुवातच या मुद्द्याने केली आहे : भौतिक राशीचे दोन अवयव असतात, एक एकक आणि दुसरी ते एकक किती वेळा घ्यायचे ती संख्या. दोन्हींचा गुणाकार म्हणजे राशी. ‘५ मीटर’ यात ५ ला मीटरने गुणलेले आहे, आणि म्हणून मीटरलाही बीजगणिताचे नियम लागू होतात. मीटर गुणिले मीटर म्हणजे चौरस मीटर. मीटर भागिले सेकंद म्हणजे वेग. मीटर अधिक सेकंद याला मात्र काही अर्थ नाही. सूत्राच्या दोन्ही बाजूंच्या मिती जुळल्याच पाहिजेत, हे जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवले होते. शाळेतल्या विज्ञानाच्या वहीत शिक्षक एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

स्प्रेडशीटमध्ये एकक ‘दिसेल’ अशी सोय आहे, आणि गफलत नेमकी तिथे होते. चौकटीला तसे फॉरमॅट दिले की ५ च्या पुढे ‘मी.’ उमटते आणि दुसऱ्या चौकटीत ३ च्या पुढे ‘फूट’. दोन्हींची बेरीज मागितली तर उत्तर येते ८. एकक तिथे रंगासारखे वरून लावलेले असते, हिशेबात त्याला जागा नसते. एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये फुटांचे मीटर करून देणारे फंक्शन आहे, पण ते वापरायचे की नाही हे माणसाने लक्षात ठेवायचे असते.

असे लक्षात न राहिल्याने काय घडते, याचे सर्वांत शिकवण्याजोगे उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून एडमंटनकडे निघाले. इंधनमापक बिघडल्यामुळे टाकीतले इंधन पट्टीने मोजले गेले : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. लिटरचे वजन करण्यासाठी १.७७ या आकड्याने गुणले, ते आले १३,५९७. हे किलोग्रॅम समजून उरलेले ८,७०३ पुन्हा १.७७ ने भागले आणि सुमारे ४,९१७ लिटर इंधन भरले. प्रत्यक्षात १.७७ हा आकडा दर लिटरला पौंडांचा होता; किलोग्रॅमसाठी तो ०.८०३ घ्यायला हवा होता. त्या हिशेबाने भरायला हवे होते २०,००० लिटरहून अधिक. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले, हवेतच दोन्ही इंजिने बंद पडली, आणि वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या हवाई तळावर इंजिनांशिवाय उतरवले. सगळे वाचले. या हिशेबातली प्रत्येक बेरीज-वजाबाकी, प्रत्येक गुणाकार बरोबर आहे. १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ लिहिले असते आणि गणित करणाऱ्या यंत्राला ते वाचता आले असते, तर किलोग्रॅममधून पौंड वजा होण्याआधी पौंडांचे किलोग्रॅम झाले असते.

अशी एकके वाचणारे दस्तऐवज-सॉफ्टवेअर त्यानंतर तीन वर्षांनी बाजारात आले. अमेरिकेतल्या मॅथसॉफ्ट कंपनीचे मॅथकॅड १९८६ चे. त्याचे पान कोऱ्या कागदासारखे असते : कुठेही मजकूर लिहावा, कुठेही सूत्र लिहावे, आणि सूत्र पाठ्यपुस्तकात छापतात तसेच दिसते. फरक एवढाच की ते जिवंत असते. वरची किंमत बदलली की खालची सगळी उत्तरे बदलतात. व्याख्येसाठी दोन टिंबांसह बरोबरचे चिन्ह आणि उत्तर मागण्यासाठी साधे बरोबरचे चिन्ह, असा भेदही त्यात केलेला आहे. पुढे एसमॅथ स्टुडिओ त्याच वाटेने आले. पायथन भाषेत पिंट ही लायब्ररी एककांचे हेच काम करते, आणि ज्युपिटर या संगणकीय वहीत ती मजकुराच्या सोबतीने चालवता येते.

आत काय चालते ते समजून घेण्यासारखे आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक राशीसोबत संख्येव्यतिरिक्त घातांकांची एक छोटी यादी बाळगते. लांबी, वस्तुमान, काळ, विद्युतधारा, तापमान, पदार्थाचे प्रमाण आणि प्रकाशतीव्रता या सात मूळ मितींचे ते घातांक. वेगाच्या यादीत लांबीसमोर १ आणि काळासमोर उणे १ असतो, बाकी शून्ये. गुणाकारात याद्यांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी, वर्गमुळात प्रत्येक घातांक निम्मा होतो. बेरीज करायची असेल तर दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर गणित तिथेच थांबते. मॅथकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये संख्या आत एकाच पद्धतीच्या मूळ एककांत साठवली जाते. फुटांत लिहिलेले असले तरी आत मीटर. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर असल्यामुळे या रूपांतरात अचूकता हरवत नाही.

चंडीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये स्थापत्य शाखेचा विद्यार्थी तुळईचे जे पहिले गणित शिकतो, त्यावर हे पाहता येईल. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईवर सर्वत्र सारखा भार असेल, तर मधला नमनआघूर्ण भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८ इतका असतो. भार १२ किलोन्यूटन प्रति मीटर, लांबी ५ मीटर, उत्तर ३७.५ किलोन्यूटन-मीटर. विद्यार्थी वर्ग करायला विसरला तर एकक येईल नुसते किलोन्यूटन, आणि उत्तराच्या जागी किलोन्यूटन-मीटर मागितल्याबरोबर सॉफ्टवेअर एकके जुळत नसल्याचे सांगेल. पण भागिले ८ विसरला तर? ८ ला मिती नाही. उत्तर आठपट होईल आणि सॉफ्टवेअर निमूटपणे ते दाखवील. एककांची तपासणी सूत्राचा सांगाडा तपासते, त्यातले स्थिरांक नाही.

याच गणितात आणखी एक गोष्ट उघड होते. उत्तर कोणत्या एककात हवे ते सांगितले नाही, तर सॉफ्टवेअर ते ३७.५ किलोजूल असेही दाखवू शकते. न्यूटन-मीटर आणि जूल यांच्या मितींची यादी एकच आहे. पण तुळईतले आघूर्ण ऊर्जेच्या एककात छापले तर कोणताही इंजिनीअर तो कागद परत करील, आणि त्याचे बरोबर असेल. सारख्या मिती म्हणजे सारखा अर्थ नव्हे. म्हणून दाखवायचे एकक माणसाने निवडावे लागते, आणि चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तराच्या उजवीकडे त्यासाठी रिकामी जागा ठेवलेली असते.

स्थापत्य अभियंत्यांना याहून मोठी अडचण मानकांमुळे येते. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) सांगते की काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक म्हणजे ५००० गुणिले काँक्रीटच्या ताकदीचे वर्गमूळ. एम २५ काँक्रीटची ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, वर्गमूळ ५, गुणांक २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हातावर हे गणित क्षणात होते. एकके पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र वर्गमूळ घेताना एककाचेही वर्गमूळ निघते आणि उत्तर ताणाच्या एककात येत नाही. असली सूत्रे प्रयोगांच्या आकडेवारीवरून बसवलेली असतात. आकडा कोणत्या एककात घालायचा हे सूत्राबाहेर, वाक्यात सांगितलेले असते. उपाय सोपा आहे : ताकदीला आधी न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककाने भागून ती निखळ संख्या करायची, वर्गमूळ काढायचे, आणि शेवटी तेच एकक पुन्हा जोडायचे. सूत्र कागदावर थोडे लांब दिसते, पण मानकात वाक्यात दडलेली अट आता सूत्रातच दिसते. हा फायदाच आहे.

चंडीगड शहराला या विषयात खास महत्त्व आहे, कारण तिथे रोजच्या व्यवहारातले एककच दोन अर्थांनी चालते. घराचा प्लॉट कनाल आणि मरला यांत सांगतात. महसुली मोजणीत साडेपाच फुटांचा एक करम, ९ चौरस करमांचा एक मरला, २० मरल्यांचा एक कनाल आणि ८ कनालांचा एक एकर. म्हणजे मरला २७२.२५ चौरस फूट आणि कनाल ५,४४५ चौरस फूट. मराठी वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटेल : एकरात ४० गुंठे, तेव्हा महसुली कनाल म्हणजे नेमके ५ गुंठे. (करमची लांबी पंजाबात सगळ्या जिल्ह्यांत सारखी नाही, हे आणखी निराळे.) शहराच्या सेक्टरांत मात्र एक कनालाचे घर म्हणजे ५०० चौरस यार्डांचा प्लॉट, म्हणजे ४,५०० चौरस फूट, आणि मरला २२५ चौरस फुटांचा. एकाच शब्दाच्या दोन अर्थांत दर कनाली ९४५ चौरस फुटांचा, सुमारे १७ टक्क्यांचा फरक. शहरालगतच्या गावातली शेतजमीन आणि सेक्टरमधला प्लॉट यांची किंमत एकाच तक्त्यात मांडली, तर हा फरक लाखो रुपयांचा होतो.

इथे मितींची तपासणी कामी येत नाही, कारण दोन्ही कनाल क्षेत्रफळाचेच आहेत. उपयोगी पडते ती दस्तऐवजातली व्याख्या. मॅथकॅड, एसमॅथ किंवा पिंट यांत आपले एकक आपण ठरवून देता येते. पानाच्या सुरुवातीला ‘महसुली कनाल म्हणजे ५,४४५ चौरस फूट’ आणि ‘सेक्टर कनाल म्हणजे ५०० चौरस यार्ड’ अशी दोन वेगळ्या नावांची एकके लिहिली, की पुढे प्रत्येक ओळीत कोणता कनाल ते ठरते आणि वाचणाऱ्यालाही तपासता येते.

पंजाब-हरियाणाच्या जमाबंदीत, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, क्षेत्र ‘१२-१५’ असे लिहितात. वाचायचे १२ कनाल १५ मरला. हेच स्प्रेडशीटच्या सूत्रात टाकले तर उत्तर उणे ३. खरे उत्तर २५५ मरला, महसुली मापाने ६९,४२३.७५ चौरस फूट, म्हणजे १.५९ एकर. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावरही अशीच जोडमापे असतात. ‘१.२५.५०’ म्हणजे १ हेक्टर २५ आर ५० चौरस मीटर, एकूण १२,५५० चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा स्प्रेडशीट संख्या म्हणून घेतच नाही, आणि शेवटचे टिंब गाळून कुणी १.२५५० हेक्टर लिहिले तरच तो चालतो. सुदैवाने हेक्टर, आर आणि चौरस मीटर शंभराच्या पटीत असल्यामुळे ते बरोबर ठरते. कनाल-मरल्यात २० ची पट आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. १२.१५ कनाल म्हणजे १२ कनाल ३ मरला.

बांधकामातले ‘ब्रास’ हे मराठी मुलखातले असेच एकक. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. पण फरशी किंवा गिलाव्याच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. इथे दोन्ही अर्थांच्या मितीच वेगळ्या असल्याने सॉफ्टवेअर चूक तत्काळ पकडते : गिलाव्याच्या ब्रासाला जाडीने गुणावे लागते, वाळूच्या ब्रासाला नाही.

तापमानाचे गणित सर्वांत फसवे. सेल्सिअसचे शून्य हे खरे शून्य नसल्यामुळे ‘३५ अंश’ याचे दोन अर्थ होतात : हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअस, किंवा तापमानात झालेली ३५ अंशांची वाढ. पहिले केल्विनमध्ये ३०८.१५, दुसरे ३५. चंडीगडच्या सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे. काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे मीटरच्या एक लक्षांश भागाइतके लांबते असे धरले आणि एवढ्या लांबीची अखंड पट्टी कल्पिली, तर ३५ अंशांच्या वाढीने ती सुमारे ८.९ सेंटिमीटर लांबेल. वाढीच्या जागी तापमान घातले गेले, तर उत्तर येईल ७८ सेंटिमीटर. एककांच्या याद्या दोन्ही वेळा जुळतात. म्हणून चांगली सॉफ्टवेअर तापमान आणि तापमानातला फरक ही दोन निराळी एकके मानतात, आणि ती ओळखून वापरण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहते.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत दाखवायचे, हा प्रश्नही वरवरचा नाही. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडच्या इमारतींसाठी वापरलेली मॉड्युलॉर ही मापप्रणाली फूट आणि मीटर यांच्यातला पूल म्हणून तयार झाली होती. तिच्या केंद्रस्थानी सहा फुटांचा माणूस आहे, ज्याची उंची १.८३ मीटर धरतात. नेमके रूपांतर १.८२८८ मीटर. पडद्यावर १.८३ दिसत असले तरी सॉफ्टवेअर पुढचे गणित १.८२८८ वरच करते, आणि कागदावरच्या आकड्यांनी पडताळा घेणाऱ्याला शेवटच्या अंकात फरक सापडतो. सेक्टरचेही तसेच. ८०० मीटर गुणिले १,२०० मीटर म्हणजे ९६ हेक्टर, म्हणजे २३७.२ एकर. अर्धा मैल गुणिले पाऊण मैल असे मांडले तर नेमके २४० एकर. दोन्ही मापे एकाच सेक्टरसाठी वापरली जातात, आणि ‘२३७.२’ मधला दशांश मूळ मापाच्या नेमकेपणाबद्दल काहीच सांगत नाही. चंडीगडच्याच केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे मापनाची उपकरणेच घडवली जातात, तिथे आकड्यामागे अधिक-उणे अनिश्चितता लिहिल्याशिवाय माप पुरे होत नाही.

छपाईचे नियम थोडक्यात असे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत राशीचे चिन्ह तिरप्या अक्षरात आणि एकक सरळ अक्षरात छापतात, संख्या आणि एकक यांत एक जागा सोडतात, चिन्हाचे अनेकवचन करत नाहीत. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो : लहान एम मिलि, मोठा एम मेगा, दोहोंत एक अब्जाची पट. टेकच्या घराण्यातल्या लॅटेकसाठी जोसेफ राइट यांनी केलेले एसआययुनिट्स हे पॅकेज हे सगळे नियम आपोआप पाळते, पण गणित करत नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी मजकुरात मिमी, मी., किमी अशी लघुरूपे चालतात. संख्येच्या अंकांचे रूपही बदलता येते. एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅट बदलून तोच आकडा देवनागरी अंकांत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह दाखवता येतो, आणि आत साठवलेली किंमत तीच राहते.

शेवटची अडचण दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हाची. मॅथकॅडचे पान पीडीएफ करून पाठवले, की जिवंत सूत्र छापील चित्र होते. आकड्यांचा रकाना मजकुराच्या फाईलमध्ये काढला, की एककाची यादी मागे राहते. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ नष्ट झाले, ते अशाच देवाणघेवाणीत : एका संगणक-प्रणालीने फाईलमध्ये आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत लिहिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले, आणि प्रत्येक आकड्यात ४.४५ पटींची चूक झाली. त्यामुळे फाईल पाठवताना एकक रकान्याच्या शीर्षकातच लिहितात, उदाहरणार्थ ‘क्षेत्र, चौरस मीटर’, आणि कनाल-मरल्यासारखे स्थानिक माप असेल तर त्याची चौरस मीटरमधली किंमत त्याच फाईलच्या पहिल्या ओळीत देतात.